फॉल लावला की साडी घरची

फॉलवाल्या काकू आधी साडीचा खालचा काठ बघायच्या, मग नेसणारीचं तोंड. मलकापूरला स्टेशन रोडवर एका साडीच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची मशीन होती. रस्त्यानं जाणारी बाई ओळखीची असो वा नसो, काठ उसवलेला दिसला की हाक गेलीच, "ओ लाल साडी! थांब वो माय, पायात अटकून पडशीन ना!" बाई बावचळून थांबायची. काकू सुई-दोरा घेऊन खाली उतरायच्या आणि भर रस्त्यात उकिडवं बसून चार टाके घालायच्या. बाई लाजून अर्धी. काकू दोरा दातानं तोडत म्हणायच्या, "पडली असती तं याच्याहून जास्त लाजली असती."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या गटाची पत्रकं लिहायचे. एसटी वेळेवर सोडा, वसतिगृहाला पाणी द्या, हुंडा घेणाऱ्यांचा धिक्कार असो. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. त्या वर्षी लग्नातल्या मानपानाच्या साड्यांवर लिहायचं ठरलं. इतक्या साड्या कुणाला लागतात, का लागतात, हे विचारायला मी काकूंकडे गेले आणि मग रोज संध्याकाळी तिथेच बसू लागले. ओट्यावर जे कळायचं ते आमच्या अभ्यासवर्गात कधी कळलं नव्हतं.

काकूंचा एक नियम होता, कैची शेवटी. मोबाइलवर व्हिडिओ बघून एखादी पोरगी आजीची इरकली घेऊन यायची, "काकू, याचा टॉप करा." काकू साडी मांडीवर पसरायच्या. "किती डाव नेसली ही?" "एकदाही नाही." "मंग मारतं काऊन तिले?" खालचा काठ झिजला असेल आणि दोन्ही काठ सारखे असतील, तर त्या फॉल उसवून वरच्या काठाला लावायच्या. कमरेत खोचलेला असल्यानं तो काठ कोरा राहिलेला असतो. साडी उलटी झाली की पुढची पाच वर्षं निश्चिंती. मधेच विरली असेल तर तेवढा भाग काढून चांगले तुकडे जोडायच्या आणि जोड निऱ्यांत लपवायच्या. याला दंड घालणं म्हणतात. आमच्या पणज्यांनी जन्मभर दंडाची लुगडी नेसली, आणि आता तेच काम मॉलमध्ये फॅशन म्हणून विकतात याचा मला भयंकर राग यायचा. काकूंना नाही. "इकू दे ना बापा. सुई चालली म्हंजे झालं."

देण्याघेण्याच्या साड्यांचं शास्त्रही मी त्यांच्याकडेच शिकले. अहेरात आलेली आणि न आवडलेली साडी कुणी नेसत नाही. घडी न मोडता ती पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला जाते. ज्यांनी दिली त्यांनाच परत जाऊ नये म्हणून घडीत त्यांच्या नावाची चिठ्ठी ठेवतात. फॉल लावला की मात्र तिचा प्रवास संपला, ती घरची झाली. एकदा सोनाळ्याची एक बाई वांगी रंगाची साडी घेऊन आली. तिला फक्त पदराचे गोंडे बदलून हवे होते, फॉल नको. काकूंनी घडीचा कोपरा उलटा करून चहाचा डाग दाखवला.

"ही माह्या वळखीची हाय. चवथ्यांदा आली माह्याकडे."

"अगं बाई! आता?"

"थकली बिचारी फिरून फिरून. बसव तिले घरी." आणि बाईनं तोंड उघडायच्या आत फॉलची पट्टी मशीनखाली गेली होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. पत्रक लिहिलं आणि त्यात काकूंचं नाव घातलं, पत्ता घातला आणि गप्पांत निसटलेलं त्यांचं वाक्यही घातलं: "नव्या साडीत काय हाय? खळ धुतली का पोतेरं!" खाली मोठ्या अक्षरात माझं, "नवी साडी घेऊ नका! जुनी उलटी करा!" ऐन लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी, ज्या दुकानाच्या ओट्यावर काकू बसत त्याच दुकानाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी ते वाटलं. पाच-सहा गिऱ्हाइकं वाचून तिथूनच परत गेली. मला वाटलं, क्रांती झाली.

दुकानाच्या शेठजींनी पत्रक दोनदा वाचलं. "काकू, माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच मालाला पोतेरं म्हणता?" दुसऱ्या दिवशी काकूंची मशीन रेल्वे लाइनीपलीकडे त्यांच्या घरात गेली. त्या गल्लीत दूधवाला सोडला तर कुणी फिरकत नसे. लग्नसराईच्या दोन महिन्यांवर काकूंचं वर्ष निघायचं, आणि ते दोन महिने नुकते सुरू झाले होते.

मी संतापून निषेधाचं पत्रक लिहिलं आणि घेऊन गेले. काकू रिकाम्या मशीनला तेल देत होत्या.

"काकू, दुकानासमोर धरणं धरू. चाळीस पोरी येतील."

"येतीन. बसतीन. संध्याकायी उठून घरी जातीन. मंग?"

"मग त्याला तुम्हाला परत बसवावंच लागेल!"

"ओटा त्याचा हाय ना." त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "मले सांग, ते छापायच्या आंधी मले इचारलं होतं का तू?"

"मी खरं तेच लिहिलं होतं."

"खरंच होतं. म्हनून तं मले नाही म्हनता नाही आलं."

मी हातातल्या पत्रकाची घडी घालू लागले. काकूंनी कोपऱ्यातली मोठी कापडी पिशवी माझ्यापुढे टाकली. "कागद ठेव. हे घे. बायकाइच्या पेट्याइत पडून असलेल्या साड्या घेऊन ये. आन भाषन नोको देऊ कोनाले."

सुरुवात आमच्याच घरापासून झाली. आईच्या पेटीत अकरा साड्या निघाल्या, घडी न मोडलेल्या, प्रत्येकीत चिठ्ठी. "हे काय चाललंय तुझं?" आई ओरडली. भाषण जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "यातली तुला आवडणारी एक सांग. फक्त एक." आईनं बराच वेळ घेतला आणि मोरपंखी रंगाची काढली. मावशीनं तीन वर्षांपूर्वी दिलेली. "आवडली होती गं. पण म्हटलं, कुणाला द्यायला बरी." तिला फॉल लागला.

मग दारोदार. एकीनं दार लावून घेतलं, एकीनं चहा पाजून पिशवी रिकामीच परत पाठवली, एक म्हणाली, "उलटी करून नेसू? लोक हसतील." गाडी रुळावर आणली ती आमच्या शेजारच्या बँकेतल्या मॅडमनी. त्यांचा लग्नाचा शालू बारा वर्षं कपाटात होता. सासऱ्यांचं जरीचं जुनं उपरणंही होतं. काकूंनी उपरण्याचं ब्लाऊज शिवलं, जर बाह्यांवर आणली, शालूचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायला शिकवला. शालूला कैची लागली नाही. मॅडम भाच्याच्या मुंजीत तो नेसल्या. पंधरा दिवसांनी साखरपुड्यात पुन्हा तोच, पदर डावीकडून, ब्लाऊज साधं काळं. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न, "नवी का हो?" मॅडमनी दोन्हीकडे काकूंच्या गल्लीचा पत्ता सांगितला. नंतर मला पिशवी घेऊन फिरावं लागलं नाही. बायका स्वतःच लाइन ओलांडून येऊ लागल्या, आणि काकूंच्या दारात चपला मावेनाशा झाल्या.

लग्नसराई सरता सरता शेठजी गल्लीत आले. नवी साडी घेणाऱ्यांना तिथल्या तिथे फॉल हवा असायचा, तो मिळेना. दारात उभे राहून म्हणाले, "चला काकू, पुष्कळ झालं." आणि काकू निघाल्या! आठवड्याचे तीन दिवस ओटा, बाकी घर. मी भडकले.

"तुम्ही तडजोड केलीत!"

"हाव, केली. तू कर बरं एखादी, पाहू जमते का."

अजून नीटशी जमलेली नाही. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, एवढं मात्र मी पाळते. निम्म्या वेळा नावं गाळावी लागतात, कधी अख्खं पत्रक फाडावं लागतं. गटातले म्हणतात, हिची धार गेली.

गेल्या वर्षी काकूंच्या डोळ्यांना सुईचं नाकं दिसेना झालं आणि त्या अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्या. हा लेख मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. मध्ये दोनदा हसल्या, एकदा नाक ओढल्याचा आवाज आला.

"माहं नाव काढ," म्हणाल्या. काढलं.

"ते पोतेरं?"

"राहू दे, बोलली होती मी. आन शेठबद्दल काही चांगलं लिही."

"त्यांच्याबद्दल काय चांगलं लिहू?"

"जे हाय ते लिही."

तर जे आहे ते. ओट्यावरून मशीन हलवली त्या दिवशी शेठजींनी हमालाला हात लावू दिला नव्हता, स्वतः उचलून हातगाडीवर ठेवली होती. आणि काकू अकोल्याला गेल्यापासून तिथे बसायला तिघींनी विचारलं, तिघींनाही त्यांनी नाही म्हटलं. ओटा रिकामा आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो झाडतात.