रस्त्यापलीकडून दुकान

रक्ताचा कॅन्सर झालाय म्हटल्यावर सुताराने मरणाबद्दल विचारलंच नाही. त्याने विचारलं, "दुकानात कधी जाता येईल?"

डॉक्टरबाई स्टूल ओढून त्याच्या पलंगाशी बसल्या. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. "केमोनं पांढऱ्या पेशी अगदी खाली जातील. लाकडाच्या भुशात बुरशी असते, ती अशा वेळी छातीत घर करते. बरेच महिने तिकडे फिरकायचं नाही."

"नुसता दारात उभा राहिलो तर?"

"नाही."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. बायको भेटायला यायची ती आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. तरी तो म्हणायचा, "तुझ्या केसांना लाकडाचा वास येतोय." येत नसायचा, पण ती हो म्हणायची.

पुढे तोंड आलं, घास उतरेना. बाई राउंड संपवून रोज परत त्याच्याकडे येऊ लागल्या. "खिडकीची चौकट कशी जोडतात, सांगा बरं." तो कुरकुरत सुरुवात करायचा आणि सांगता सांगता वाटीभर सूप संपवायचा.

केमोच्या पहिल्या फेरीनंतर रक्तात रोग दिसेनासा झाला. "औषधं अजून बरीच बाकी आहेत," बाई म्हणाल्या, "पण घरी जा. दुकान बघायचं ते रस्त्यापलीकडून."

तो रस्त्यापलीकडे उभा राहिला. समोर धाकटा भाऊ रंधा मारत होता. वारा उलटा होता, वास काही आला नाही.

"चला आता," बायको म्हणाली.

"थांब जरा. एवढी फळी होऊ दे."