धोट्यांचं शिल्प

आज सकाळी गॅलरीतल्या एका फिरत्या शिल्पाला तेल घालत होते. त्या तेलाच्या वासाने मला मी भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनात नेऊन सोडलं.

डिंडोली या यंत्रमागांच्या वस्तीतला भाड्याचा हॉल होता. शेजारच्या नवागामच्या शोभाताईने लूमवर सूत इकडून तिकडे नेणारे, टाकून दिलेले तेलकट वासाचे धोटे तारांना टांगून शिल्प केलं होतं. मोटर लावली की धोटे हळूहळू वरखाली होत, टकटक वाजत आणि मागच्या भिंतीवर त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळत. त्याला नाव नव्हतं, गोष्ट नव्हती. ती नुसती हालचाल बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले होते.

पाहुणे म्हणून बोलावलेले कापडाचे एक व्यापारी शेठ भाषणाला उठले. "बेन, पहले ये खटखट बंद कराओ. लूम तो हमारे यहाँ बहुत हैं," ते म्हणाले. सगळे हसले. कुणीतरी मोटर बंद केली. शेठनी गळ्यातला हार काढून फोटोसाठी त्या धोट्यांवर अडकवला आणि एक तार तुटली.

मी माइक घेतला. "शेठ, हार काढा. भाषण नको आता."

शेठ निघून गेले, त्यांच्यामागे अर्धा हॉल गेला. शोभाताई खाली पडलेला धोटा उचलत अहिराणीत पुटपुटली, "जाऊ दे वं बहीन, आपलंच चुकनं."

तेव्हा मला फक्त शेठचा राग आला होता. आता तेव्हा हसलेली तीच माणसं माझ्या गॅलरीत हलत्या शिल्पांपुढे फोटो काढतात, माझ्या नजरेचं कौतुक करतात. शोभाताईने मात्र पुन्हा एकही शिल्प केलं नाही. तिच्या तोंडून "आपलंच चुकनं" हे वाक्य काढणाऱ्या, त्या हसणाऱ्या हॉलला मी अजून माफ केलेलं नाही.