साडीच्या कापडातले कागद

शालन कांबळेनं मारलेली गाठ दुसऱ्याला सुटत नसे, आणि तिला त्याचा भारी तोरा होता. कोल्हापुरातल्या एका सरकारी पाणीपुरवठा कार्यालयात ती रेकॉर्ड सांभाळायची. ऑफिसचे कागद लाल कापडात बांधून ठेवायचा तिथला रिवाज. त्या गठ्ठ्यांना बस्ते म्हणत. वर्षाराणी चौगुले नोकरीला लागली तेव्हा बस्ता बांधायला तिला शालननंच शिकवलं. चौथं टोक कुठून काढायचं ते पोरीला काही कळेना. तेव्हापासून दोघींचा डबा एकत्र. वर्षाराणी हुशार. खात्याच्या परीक्षा देत देत ती शालनच्या वर अधीक्षक होऊन बसली, तरी तोंडातलं ‘आक्का’ सुटलं नाही. शालनला त्याचंही कौतुकच.

महापुरात ऑफिसचा तळमजला बुडाला आणि कित्येक बस्त्यांचा चिखल झाला. मग वरून हुकूम आला, सगळे कागद स्कॅन करून संगणकात ठेवा. या कारभाराचं नाव डीएमएस. बाकीच्यांनी नाकं मुरडली, शालननं नाही. भिजलेले कागद तिनं आपल्या हातानं दोरीवर वाळत घातले होते. संगणकात पाणी शिरत नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

जे कागद ऑफिसात उरलेच नव्हते, ते गावोगावच्या लोकांकडून मागवायचं ठरलं. पण लोक कशाला देतील? सरकारी ऑफिसात गेलेला कागद माघारी आलेला कुणी बघितलाय? तेव्हा वर्षाराणीनं शालनला पुढं केलं. “आक्का, तुझ्या शब्दावर देतील. स्कॅन झालं की ज्याचं त्याला परत. जबाबदारी माझी.”

शालन बिद्रीकडच्या एका वस्तीवर गेली. तिथली तानाबाई म्हणजे मिरचीचा ठेचा. तिच्या वडलांनी, धोंडीरामनं, सार्वजनिक विहिरीसाठी स्वतःची जागा दिली होती. ज्या गावानं त्यांना कधी आपल्या आडाजवळ उभं केलं नव्हतं, त्याच गावाला. कागदाखाली त्यांचा अंगठा. म्हातारीनं तो काचेच्या चौकटीत घालून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलेला. फोटो काढून न्या म्हणाली. फोटो चालत नाही, मूळ कागदच मशीनवर लागतो, असं शालननं परोपरीनं समजावलं. शेवटी म्हातारीनं चौकट उघडली.

“हापिसला देत न्हाय,” ती म्हणाली. “तुला देतो.”

असे बरेच कागद जमले. लाल कापडात बांधले तर ते ऑफिसचेच होऊन बसतील, म्हणून शालननं आपली एक हिरवी इरकल साडी फाडली. हिरवा बस्ता म्हणजे लोकांचा, परत द्यायचा. कात्री धरून तुकडे वर्षाराणीनंच कापले. वर चेष्टाही केली, की आक्का, दाजींना विचारलंस का, न्हाईतर दुसरी घेऊन द्यायला लावतील मला.

मग भाचीचं, शिवानीचं लग्न निघालं आजऱ्याला. रजेच्या अर्जावर सही करताना वर्षाराणी म्हणाली, घाई करू नको, चांगली राहून ये.

शालन परत आली तर रेकॉर्ड रूम झाडून लख्ख. लाल बस्ते दुसऱ्या गोदामात गेले होते. हिरवे कुठं आहेत, हे सांगायला शिपाई बाळासोला बराच वेळ लागला. डीएमएसच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते, कागद नसलेलं ऑफिस बघायला. लाल तेवढे ठेवा, बाकी सगळं रद्दीत, असं चौगुले मॅडमनी सांगितलं. गाडी थेट कागद गिरणीत गेली, लगद्याला.

“मी इचारलं की मॅडमना, हिरवं बी का म्हणून,” बाळासो म्हणाला. “व्हय म्हणाल्या.”

बाळासो खोटं बोलतोय, असंच शालननं आधी धरलं. तसं धरणं सोपं होतं. मग जिना चढून वर गेली. वर्षाराणीनं दार लावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तारीख ठरली होती, जागा नव्हती, कागद वाटत गावोगाव कोण हिंडणार, असं सगळं सांगून झालं. स्कॅन आहेच, रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन करून देऊ म्हणाली.

“ते कुणाचं हाय, तुला ठावं हुतं,” शालन म्हणाली.

“आक्का, कागद गेला न्हाय. सिस्टममध्ये हाय की.”

“कापड तू कापलंस.”

वर्षाराणीनं टेबलाचा खण उघडला. एक दाखला पुढं सरकवला. सर्व मूळ कागदपत्रे संबंधितांस परत करण्यात आली, असं त्यात छापलेलं. खाली रेकॉर्ड सांभाळणारीची सही हवी होती. रिटायर व्हायला आलीयस, आता कशाला वाकड्यात शिरतीस, असंही ती म्हणाली, अगदी बहिणीच्या मायेनं.

शालननं दाखला पिशवीत घातला आणि बिद्रीची एसटी धरली. ‘चांगली राहून ये’चा अर्थ तिला गाडीत बसल्यावर लागला. गारगोटी रोडवरचा ऊस मागं पडत गेला.

तानाबाईनं सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडं बघत तिनं विचारलं, “गाठ तूच मारलीस न्हवं?”

“व्हय.”

“मग सोडली कुणी?”

“माझ्याच माणसानं,” शालन म्हणाली.

म्हातारीनं चहाला विचारलं नाही. शालन तिच्या जागी असती तर तिनंही विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दाखल्यावरच्या वाक्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: लोकांचे मूळ कागद परत केलेले नाहीत, रद्दीत घातले. सही केली, आवक टेबलावर देऊन पोच घेतली. तिथल्या बाईनं नव्या नियमाप्रमाणे तो लगेच स्कॅनही केला. आता तो कुठल्याही गाडीत घालून गिरणीला धाडता येणार नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत बाळासो निरोप घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, “कांबळे मॅडमना आत बोलवा, म्हणाल्या.”

आक्का नाही. कांबळे मॅडम.

शालननं डबा उघडला. रिकाम्या रेकॉर्ड रूममध्ये एकटीनं बसून सगळा संपवला, हात धुतले, आणि मग जिना चढली.