पडायचं कसं

संध्याकाळी सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर कागदी कप उपडे करून ओळीनं मांडतात. चाकांचे बूट घालून त्यांच्यामधून नागमोडी जायचं आणि एकाही कपाला धक्का लागू द्यायचा नाही, हे मी बावन्नाव्या वर्षी मोठ्या हौसेनं शिकते आहे. पाडलेला कप ज्यानं त्यानं उचलून खडूच्या खुणेवर परत ठेवायचा, असा तिथला नियम आहे. माझा बराचसा वेळ त्यातच जातो.

शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी मला कपांजवळ फिरकू दिलं नाही. "काकू, आधी पडायला शिका," ती म्हणाली. "तोल गेला की मागे बसू नका. पुढे गुडघ्यांवर या."

तासभर मी नुसती पडत होते आणि मला आई आठवत होती. गेल्या वर्षी बाथरूममध्ये ती मागेच बसली. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगावर आहे. तिला लहानपणी मान खाली घालून चालायला शिकवलं होतं. पडायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही.

घरी आले की ती विचारते, "आज पडलीस?"

"चारदा."

"मग उठलीस कशी, दाखव."

मी तिच्या पलंगाशी गुडघे टेकते, एक पाय पुढे घेते, त्यावर दोन्ही हात दाबून उभी राहते. ती लक्ष देऊन बघते. कधीकधी पुन्हा करायला लावते.

ती आता उठणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय. तिला मी सांगायचं आहे.