खिशात गेलेली स्लाइड

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो.

आमच्या बंगळूरच्या कारखान्यातला तो स्टोअरकीपर बेळगावकडचा. कुठलंही संकट त्याला ‘स्वल्प’च, म्हणजे जरासंच वाटायचं. नव्वदीच्या दशकात एका एप्रिलमध्ये आम्ही दोघं एक वाटाड्या घेऊन हिमाचलात ट्रेकला गेलो. भिजलेल्या बर्फात मांडीपर्यंत रुतल्यावरही तो म्हणाला, “स्वल्प गार आहे, अण्णा.” मी मात्र फतकल मारून रडू लागलो. समोर खिंड दिसत असताना तो केवळ माझ्यासाठी मागे फिरला.

परतल्यावर मराठी मंडळात मी स्लाइड्स दाखवत व्याख्यान ठोकलं. “आमचे हे मित्र घाबरले, म्हणून खिंड राहिली,” म्हणताच हशा पिकला. प्रोजेक्टर तोच चालवत होता, तोही हसला. पुढची स्लाइड वाटाड्यानं टिपलेल्या माझ्या रडण्याची होती. ती काढून ठेवायचं शौर्याच्या भरात मी विसरलो होतो. त्यानं ती उजेडाकडे धरून पाहिली, हळूच खिशात घातली आणि पुढची लावली.

खुर्च्या आवरताना त्यानं विचारलं, “सरी झालं ना, अण्णा? सगळं ठीक?”

‘माफ कर’ अगदी ओठांवर आलं होतं.

“फोकस स्वल्प हलत होता,” मी म्हणालो.