फाटक फक्त पाहुण्यांसाठी

स्टेनवोरला लोक तिरसट म्हणत, आणि ती होतीच. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात पेट्रोल पंप एकच, आणि त्याच्या दुकानात केस पिकेपर्यंत तीच उभी. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती न विचारता चार गोष्टी सुनवायची. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर वारा ते उपटून नेईल. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. आणि वादळामुळे रस्त्यावरचं फाटक पाडून रस्ता बंद केलेला असेल तर मुकाट्यानं परत फिरा.

हे सगळं ती पाहुण्यांच्या काळजीनं सांगत नव्हती. तिची मुलगी दाग्रून गावच्या बचाव पथकात होती. पगारपाणी काही नाही. कोणी अडकलं की हातातलं काम टाकून धावायचं. पाहुण्यांनी केलेला प्रत्येक मूर्खपणा शेवटी दाग्रूनच्या जिवावर यायचा.

त्या दिवशी सकाळीच गावाबाहेरच्या काळ्या वाळूच्या वाळवंटातल्या रस्त्याचं फाटक पाडलं होतं. एक तरुण जोडपं आत आलं.

"पुढे निळं आकाश दिसतंय की," त्यातला नवरा म्हणाला.

"वारा दिसत नसतो, बाबा. तिकडे दगड उडताहेत. इथे बसा, मटणाचं सूप प्या."

ते हसले, कॉफी घेतली आणि गेले.

दुपारी दाग्रून सूप पीत बसली होती, तोच तिचा फोन वाजला. वाळवंटात गाडी उलटली होती.

"तेच दोघं!" स्टेनवोर ओरडली. "सांगितलं होतं मी! बसू दे त्यांना तिथेच!"

"आई, त्यांनाही आई असेल ना?"

"असेल ना! मग तिनं पाठवावी तिची पोरगी!"

दाग्रून वाटी तशीच ठेवून गेली. स्टेनवोर नंतर कोणाशी धड बोलली नाही. एकानं सॉसेजवर कांदा जास्त मागितला, तर त्याच्यासमोर भांडंच आपटलं.

अंधारायच्या आत पथक परतलं. वाऱ्यानं त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या होत्या. दाग्रूनच्या कपाळाला पट्टी होती, भुवईपर्यंत रक्त सुकलं होतं. जोडपं थरथरत बाकावर बसलं.

"फाटक दिसलं नाही का तुम्हाला?" स्टेनवोरनं विचारलं.

"दिसलं," ती बाई रडत म्हणाली. "आम्ही गाडी वळवतच होतो. पण एक म्हातारे गृहस्थ लाल गाडीतून आले, फाटकाच्या बाजूनं गाडी रस्त्याखाली उतरवून सरळ पुढे गेले. आम्हाला हातही केला. आम्हाला वाटलं, गावचे लोक जातात म्हणजे चालत असेल."

लाल गाडी गावात एकच होती.

हालब्यॉर्न, स्टेनवोरचा नवरा, रोजच्यासारखा टोपी झटकत आत आला. "कॉफी आहे का गं?"

"फाटक पाडल्यावर कुठे गेला होतास?"

"फाटकापलीकडच्या घोड्यांना गवत टाकायला. का?"

"फाटक कशासाठी असतं रे?"

"अगं, ते पाहुण्यांसाठी. आपल्याला रस्ता पाठ आहे."

"तुला पाठ आहे! आणि तुझ्यामागून आले त्यांना? हिच्या कपाळाकडे बघ!"

त्यानं बघितलं. मग हळूच म्हणाला, "सगळेच जातात, स्टेनवोर. तुझा भाऊसुद्धा."

ते खरं होतं, म्हणूनच ती जास्त भडकली. इतकी वर्षं तिनं परक्यांना दटावलं होतं, आणि घरातला माणूस फाटकाला वळसा घालून येतो हे माहीत असून त्याला कॉफी दिली होती. तिनं हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे. फाटक पडलं की ती माझ्याकडे राहणार. भावाचीही घेणार आहे."

"घोडे उपाशी राहतील."

"राहू देत."

पुढच्या वादळात ते खरंच एक दिवस उपाशी राहिले. हालब्यॉर्न खिडकीशी बसून दिवसभर पुटपुटत होता, स्टेनवोरच्या भावानं तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. तिला घोड्यांचं वाईट वाटलं. पण दाग्रून शेजारच्या खोलीत झोपली होती, तिचा फोन वाजला नव्हता, आणि किल्ल्या स्टेनवोरच्या खिशात होत्या.