कसौलीच्या बंगलीची चावी

हवाई दलातल्या नंदकुमार गुप्त्यांची बदली तेजपूरला झाली, आणि त्यांच्या कसौलीच्या बंगलीची चावी चंदीगडला रत्नप्रभाकाकूंच्या कनवटीला आली. मी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत नोकरीला, गाव परभणी, आणि काकूंच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत राहणारा. सुट्टीपुरती बंगली भाड्यानं घेणारी माणसं आधी इथं चावी न्यायला येत. "वहाँ खानसामा नहीं है जी, खुद पकाना पडेगा," काकू बजावत, आणि वर तांदळाची पिशवी अन् गोड्या मसाल्याची पुडी हातात ठेवत.

खरी मजा मराठीत चाले. पाहुण्यांच्या तोंडावरच त्या सदाशिवकाकांना सांगत, "अहो, ही बाई कसली स्टोव्ह पेटवतेय! नवऱ्याला जुंपणार बघा." पाहुणी हसून मान डोलवी. चंदीगडात मराठी कुणाला कळत नाही, हा काकूंचा पक्का समज.

नव्वदच्या मे महिन्यात दोन तरुण सरदार आले. धाकट्यानं त्या उकाड्यात खेस, म्हणजे जाड चादर, हातांवरून गुंडाळलेला, मान खाली. पंजाबात अतिरेकी आणि पोलिसांच्या चकमकींत मेलेल्यांचे आकडे रोज पेपरात येत होते. काकूंनी चहा दिला आणि हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "अहो, लक्षण ठीक दिसत नाही. भाजी आणायला म्हणून जा आणि चौकीवर सांगून या."

काकांनी पिशवी घेतली. बाहेर स्कूटर सुरू झाली.

थोरल्यानं कप खाली ठेवला. "काकू," तो थेट आमच्याकडच्या हेलात म्हणाला, "मी नांदेडला वाढलो. मला वाटलं, काका जायचे नाहीत. ह्याच्या वर्गातलं एक पोरगं त्या लोकांत गेलं, म्हणून पोलिसांनी ह्याला एकदा नेलंय. आता नेलं तर माघारी यायचा नाही."

धाकट्याचा खेस सरकला. बोटांना नखं नव्हती.

"सायकल काढ!" काकू माझ्यावर ओरडल्या. "गाठ त्यांना!"

मी गाठलं. काका चौकीच्या पायऱ्या उतरत होते. "बंगलीचा पत्तासुद्धा नीट लिहून दिला," ते म्हणाले. काका कुठलंच काम अर्धवट करत नाहीत.

परतलो तर दोघं गेलेले, चावी आणि तांदूळ घेऊन. "आता तिकडं जाऊ नका रे, पत्ता दिला असेल, असं कितीदा सांगितलं," काकू म्हणाल्या. "थोरला म्हणाला, दुसरीकडं कुठं जाणार?"

जीप आली. हवालदार विचारत राहिला आणि काकू शुद्ध मराठीत, हिंदीचा गंधही नसल्यासारख्या, वांग्याचे भाव सांगत राहिल्या. हवालदार वैतागला खरा, पण पत्ता त्याच्या खिशातच होता.

पंधरवड्यानं आम्ही तिघं कसौलीला गेलो. दाराची आतली कडी उखडलेली. स्टोव्ह पेटवलेला नव्हता. दोन ताटं धुऊन पालथी घातलेली, मसाल्याची पुडी उघडून ठेवलेली, आणि पातेल्यात भिजत घातलेले तांदूळ फुगून आंबलेले.

काकू पातेल्याजवळ उभ्या राहिल्या. काका काहीतरी बोलायला गेले.

"गप्प बसा," काकू म्हणाल्या. "कुणीतरी ऐकेल."